मशीन ठेवा, डिस्क बदला: जुन्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना

विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून सोलापुरात एक प्रश्न सारखा कानावर येतो: "मशीन चांगलं चालतंय की, मग बदलायचं कशाला?" विचारणारा कधी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला असतो, कधी चाटी गल्लीतला कापड दुकानदार, कधी जुळे सोलापुरात घरी शिकवण्या घेणाऱ्या बाई. मशीनही साधारण एकाच जातकुळीचं: चौथ्या पिढीचा आय३ किंवा आय५, ४ जीबी रॅम आणि सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घेणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क.

अशा मशीनसाठी माझा सल्ला ठरलेला आहे. मशीन ठेवा, डिस्क बदला. २४० किंवा २५६ जीबीची नवी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घ्या, तिच्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवा आणि जुनी डिस्क विंडोजसकट, आहे तशी कपाटात ठेवा. "डेटा डी ड्राइव्हला आहे ना, मग सी फॉरमॅट मारू" ही आपल्याकडची पद्धत मला मुळीच पटत नाही. डेस्कटॉपवरच्या फायली सी ला असतात, डाउनलोड सी ला असतात, टॅलीचा डेटाही बऱ्याच ठिकाणी सी लाच पडलेला असतो, आणि हे आठवतं फॉरमॅट झाल्यावर. डिस्कच बाहेर असली की पुसली जायची भीती उरत नाही. काम फसलं तरी जुनी केबल पुन्हा लावली की सकाळचं मशीन परत.

आधी ठरवा: लिनक्स की विंडोज?

हा निर्णय प्रोसेसर बघून घेऊ नका, रोज उघडता ते सॉफ्टवेअर बघून घ्या. दिवसभर ब्राउझर, जीमेल, व्हॉट्सॲप वेब, एक्सेलच्या साध्या शीट, यूट्यूब आणि प्रिंट एवढंच काम असेल तर मिंटवर काही अडणार नाही. बँक, जीएसटीचं पोर्टल, महाडीबीटी हे सगळं ब्राउझरमध्येच चालतं.

पण टॅली हे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. श्रीलिपी, कोरल ड्रॉ, जकार्डचं डिझाइन करणारी बहुतेक सॉफ्टवेअरही तशीच, आणि त्यातल्या काहींना मागे यूएसबीचं लॉक लागतं. लग्नपत्रिका छापणाऱ्याने किंवा चादरीची नक्षी काढणाऱ्याने लिनक्सच्या नादाला लागू नये, असं मी स्पष्टच सांगतो. अंगठा घेणारं यंत्र लागतं अशा आपले सरकार केंद्रालाही हेच लागू, आणि डिजिटल सहीचा टोकन दिवसाआड लावणाऱ्या सीए ऑफिसलाही. सही टोकनच्या आतच असते, ती फॉरमॅटने जात नाही; पण लिनक्सवर तिचा ड्रायव्हर आणि सही करणारा प्रोग्रॅम जुळवत बसणं हे ३१ जुलैच्या तोंडावर करायचं काम नव्हे.

विंडोजवरच राहायचं असेल तर आधी प्रोसेसरचा क्रमांक बघा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. आय५-४४६० म्हणजे चौथी पिढी, आय३-८१०० म्हणजे आठवी: डॅशनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो (चार आकडी क्रमांकापुरतं हे खरं, १०१०० सारख्या पाच आकडीत पहिले दोन धरा). मशीन बसत असेल तर विंडोज १० मधूनच अपग्रेड करा, फायली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. बसत नसेल तर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून जादा सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते. ती घरगुती वापरासाठी असून मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. अपात्र मशीनवर युक्तीने विंडोज ११ चढवून देणारे भेटतील, पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मात्र त्यांच्याकडे नसते. आणि फुकटचं "ॲक्टिव्हेटर" चालवून विंडोज चालू करणं म्हणजे अनोळखी माणसाला मशीनची पूर्ण मुखत्यारी देणं. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकता, त्यावर हे नकोच.

इथून पुढे मिंट धरून लिहितो.

विंडोज शेवटचं बंद करण्याआधी

डिस्क कपाटात सुखरूप राहणार असली तरी ती दहा वर्षांची आहे. तेव्हा बॅकअप घ्यायचाच, वेगळ्या पोर्टेबल डिस्कवर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे फोल्डर तर घ्याच, शिवाय सहसा विसरतात त्या गोष्टी अशा:

- टॅली असेल तर टॅलीतूनच बॅकअप घ्या, आणि आकडी नावाची फोल्डर असलेला मूळ डेटा फोल्डरही कॉपी करा. लायसन्स दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तरच सरेंडर करा. अधूनमधून जुनी डिस्क लावून टॅली उघडणार असाल तर त्याला हात लावू नका.
- विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली पत्रं त्या फॉन्टशिवाय नुसती इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतात. फॉन्टच्या फायली मिंटमध्ये टाकल्या की लिबर ऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलचं काम करणारं मोफत सॉफ्टवेअर) तीच पत्रं वाचता येतात.
- ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क. खात्याला सिंक केलंय का, ते फोनवर उघडून खात्री करा.
- आउटलुकमध्ये मेल उतरवत असाल तर त्याची पीएसटी फाइल.

मग एक कागद घ्या. त्यावर वायफायचा पासवर्ड, प्रिंटर आणि स्कॅनरचा नेमका मॉडेल क्रमांक आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. ही ४८ आकड्यांची की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. तिच्याशिवाय लिनक्सला जुनी डिस्क वाचता येणार नाही, म्हणून त्याहून बरं म्हणजे डिस्क काढण्याआधी बिटलॉकर बंद करून ती पूर्ण उलगडू द्यावी.

शेवटची गोष्ट छोटी आहे, पण हमखास राहते. विंडोज नेहमीसारखं बंद केलं तर ते खरं पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपतं आणि डिस्कवर तशी खूण ठेवतं. अशी डिस्क लिनक्सला जोडली की फक्त वाचता येते, कधी कधी उघडतच नाही. म्हणून शिफ्ट दाबून धरा आणि मग शट डाउनवर क्लिक करा.

पेनड्राइव्ह

हे काम विंडोज चालू असतानाच उरकायचं. लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवरून २२ मालिकेतली ताजी आवृत्ती घ्या; ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई हा हलका प्रकार, ८ जीबी असेल तर सिनॅमन. फाइल सुमारे ३ जीबीची आहे, मोबाइलच्या नेटवर असाल तर रात्री लावून ठेवा.

उतरवलेली फाइल शाबूत आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा लांब ओळख-आकडा) काढा आणि साइटवर दिलेल्या आकड्याशी पडताळा. सुरुवातीची आणि शेवटची आठ-दहा अक्षरं जुळली तरी पुरे. नेट मध्येच तुटलेली फाइल इन्स्टॉल होताना ऐंशी टक्क्यांवर अडकते आणि दोष मात्र मशीनला दिला जातो.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा, ओळखीच्या दुकानातला. रस्त्यावर स्वस्तात मिळणारे "१ टीबी" वाले बहुधा नकली असतात, आत जागा थोडीच असते. रूफस (मशीन सुरू करता येईल असा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्रॅम) उघडा, पेनड्राइव्ह आणि फाइल निवडा, बाकी सगळं आहे तसं राहू द्या. विचारलंच तर आयएसओ मोड. त्याने मशीन उठलं नाही तर दुसऱ्यांदा डीडी मोड. पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते जातं.

कॅबिनेट उघडताना

सोलापूरच्या कॅबिनेटमध्ये काय सापडतं हे बाहेरगावच्या तंत्रज्ञाला खोटं वाटेल. यंत्रमागाच्या शेडला लागून ऑफिस असेल तर सुताचं तूस पंख्याच्या पात्यांना आणि खालच्या हीटसिंकला नमद्यासारखं चिकटलेलं असतं. वरून फुंकर मारून ते निघत नाही. पंखा चार बाजूंनी सोडवून उचलला की खाली राखाडी थर दिसतो, तो चिमट्याने अक्षरशः एका तुकड्यात उचलता येतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना "मशीन आपोआप बंद पडतंय" या तक्रारीचं कारण पुष्कळदा हेच असतं. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने गरगर फिरू दिलं तर बेअरिंग जातं.

मेन स्विच बंद, केबल बाहेर, मग पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवा. डीडीआर३ ची आणखी एक ४ जीबीची पट्टी मिळाली तर लगे हाथ टाकून घ्या. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, तोही बदला. तो मेला असेल तर तारीख दर वेळी मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणतो, अपडेटही अडतात. लोक तास-तास नेटवाल्याशी भांडतात, आणि दोष त्या छोट्या सेलचा असतो.

आता जुन्या हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढा, त्याच एसएसडीला लावा. डीव्हीडी रायटर वापरात नसेल तर त्याच्या केबलही मोकळ्या करता येतात. एसएसडीला फिरणारा भाग नसतो, त्यामुळे पट्टी नसली तरी दुहेरी टेपने कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवली तर चालते. जुन्या डिस्कवर कागद चिकटवून तारीख आणि "विंडोज, पुसू नये" असं लिहा.

इन्स्टॉल करायला बसण्याआधी महावितरणचा बंदचा मेसेज आलाय का बघा. यूपीएसची बॅटरी दोन मिनिटांत माना टाकत असेल तर इन्व्हर्टरवरचा पॉइंट घ्या.

बायोस आणि पहिली चाचणी

पेनड्राइव्ह मागच्या पोर्टला लावा आणि मशीन सुरू करताच बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि गिगाबाइटला एफ१२, एचपीला एफ९, एमएसआय आणि ॲसरॉकला एफ११, असूसच्या डेस्कटॉपला एफ८. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर यूईएफआय लिहिलेला निवडा. पेनड्राइव्ह नाकारला जात असेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करून बघा.

बायोसमध्ये आणखी एक जागा बघायची: साटा मोड, म्हणजे मशीनची डिस्कशी बोलायची पद्धत. तिथे रेड किंवा आरएसटी असेल तर इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही असं होऊ शकतं, एएचसीआय करा. पण आधी काय होतं ते त्या कागदावर लिहा. पुढे कधी जुनी डिस्क लावून विंडोज उठवाल तेव्हा मोड पूर्ववत केला नाही तर निळा स्क्रीन समोर येईल.

मिंट पेनड्राइव्हवरूनच पूर्ण उघडतं, काहीही इन्स्टॉल न करता. इथे घाई करू नका. वायफाय दिसतंय का, आवाज येतोय का, स्क्रीन पूर्ण भरतोय का, हे इथेच बघून घ्या. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं आणि ड्रायव्हर नंतर उतरवता येतो. प्रिंटरही याच टप्प्यावर लावून बघा. एचपीचे बरेच लेझर चालतात, १०२० सारख्यांना नेटवरून एक जादा प्लगइन लागतो. कॅननचा एलबीपी२९०० मात्र आपल्याकडे गल्लोगल्ली असला तरी लिनक्सवर खटपटीचा आहे, कारण तो कॅननची स्वतःची वेगळी भाषा बोलतो. दिवसाला पन्नास बिलं त्याच्यावरच काढत असाल तर निर्णय इथेच बदला. अजून काहीच पुसलेलं नाही.

प्रत्यक्ष इन्स्टॉल

हा भाग सगळ्यात सोपा. डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर दोनदा क्लिक करा. भाषा इंग्रजीच ठेवा, असं माझं मत. पुढे काही अडलं तर पडद्यावरचा इंग्रजी संदेश शोधायला आणि दुसऱ्याला सांगायला बरा पडतो. कीबोर्ड इंग्लिश यूएस. आपल्याकडच्या कीबोर्डवर ॲटची खूण २ च्या डोक्यावर असते, तीच ही मांडणी. चुकून यूके निवडलं तर ॲट आणि दुहेरी अवतरण यांची अदलाबदल होते आणि ईमेल पत्ता टाकतानाच गाडी अडते.

मल्टिमीडिया कोडेकवर खूण करा, गाणी-व्हिडिओ चालायला ते लागतात. मग येतो तो प्रश्न ज्याला सगळे घाबरतात: इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट. आत फक्त नवी एसएसडी आहे, तेव्हा खुशाल हो म्हणा. लॅपटॉपमध्ये एकच डिस्क असेल आणि तीच वापरायची असेल, तर पुढच्या पाटीवर डिस्कचं नाव आणि आकार वाचल्याशिवाय बटण दाबू नका. वेळ क्षेत्रात कोलकाता. युजरचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत, पासवर्ड दुकानातल्या पोरांना अंदाज न येणारा. एसएसडीवर हे वीस मिनिटांच्या आत आटोपतं. सांगेल तेव्हा पेनड्राइव्ह काढा आणि एंटर.

बसल्यानंतर

पहिल्यांदा अपडेट मॅनेजर चालवा, सगळे अपडेट घ्या, मशीन रीस्टार्ट करा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजर बघा. फायरवॉल चालू करा. टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट घ्या. पुढच्या एखाद्या अपडेटने काही बिघडवलं तर याच दिवसावर परत येता येतं. मात्र तो सिस्टिमचा असतो, तुमच्या फायलींचा नाही. त्यांचा बॅकअप वेगळा.

आता जुना डेटा. पोर्टेबल डिस्कवरून कॉपी करा आणि एक-दोन महत्त्वाच्या शीट उघडून बघा. साधी सूत्रं लिबर ऑफिसमध्ये नीट चालतात, मॅक्रो अडखळू शकतात. काही राहिलंच असेल तर मशीन बंद करून जुनी डिस्क आत जोडा. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे लॅपटॉपच्या डिस्कची बारीक यूएसबी केबल तिला पुरत नाही. सरळ कॅबिनेटमधल्या केबलला लावणं बरं. दोन्ही डिस्क आत ठेवून आलटूनपालटून वापरायला गेलात तर घड्याळ साडेपाच तासांनी पुढे-मागे होईल. विंडोज मशीनच्या घड्याळात आपली वेळ धरतं, लिनक्स ग्रिनिचची. काम झालं की डिस्क पुन्हा कपाटात, आणि या वर्षाचे हिशोब व रिटर्न भरून होईपर्यंत तिला दुसऱ्या कामाला लावू नका.

राहिलं टायपिंग. सोलापुरात एकाच दुकानात मालक तेलुगू, मुनीम मराठी आणि गिऱ्हाईक कन्नड असं सर्रास असतं, आणि इथे इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कीबोर्ड मांडणी कामाला येते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग लेआउट्स, आणि तिथे मराठी, कन्नड, तेलुगू जोडा. एका वेळी चारच लेआउट चालतात. इंग्रजी धरून आपले बरोब्बर चार होतात. इन्स्क्रिप्टची खुबी अशी की तिन्ही लिप्यांत एकच आवाज एकाच बटणावर असतो. एम, ए, एन, ई, एच, टी, जे ही सात बटणं ओळीने दाबा: सोलापूर. लेआउट कन्नड करून तीच सात दाबा, तेच नाव कन्नड लिपीत. तेलुगूत शेवटच्या र चा पाय मोडायला वर एक डी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, शिफ्ट धरून के दाबलं की क चा ख. नेटाने सराव केला तर आठवडाभरात बोटं वळतात, आणि एक लिपी बसली की उरलेल्या दोन वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत.

लेआउट बदलायला ऑप्शन्समध्ये ऑल्ट-शिफ्ट नेमून घ्या आणि खालच्या पट्टीवर लेआउटची खूण दिसेल असं करा. पासवर्ड टाकण्याआधी त्या खुणेकडे बघायची सवय लावून घ्या. कीबोर्ड कन्नडवर राहिला असेल तर बरोबर पासवर्डही मशीन चूक म्हणून परत करतं, आणि ठिपक्यांमागे काय उमटलंय ते दिसत नाही.